जिन्यातला दिवा

मे महिन्याची सुटी लागली म्हणजे आमच्या वर्गातील मंडळी थंड हवेच्या वाटा शोधू लागतात. आम्ही दोघे भावंडे मात्र उलट दिशेने, जेथे उन्हाळा अधिक कडक तेथे, म्हणजे आजोळी ग्वाल्हेरला जातो. त्या दिवसांत तेथे पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, दुपारी रस्त्यांवर लू सुटते आणि सारे शहर दारे लावून स्वस्थ पडते. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांनी किल्ल्याच्या दक्षिणेस आपल्या फौजेचा तळ दिला. तो तळ पुढे उठलाच नाही. त्याचे शहर झाले आणि नाव मात्र ‘लष्कर’ असेच राहिले. त्या लष्करातील एका गल्लीत आमच्या पणजोबांनी बांधलेला वाडा आहे. तेथील आमची मामेभावंडे घरात मराठी बोलतात, दारात हिंदी बोलतात आणि भांडणे दोन्ही भाषांत करतात.

या लेखाचा विषय त्या वाड्यातील जिना. दोन जाड भिंतींच्या मधून तो गच्चीवर जातो. पायऱ्या पंधरा, आणि एकीची उंची दुसरीसारखी नाही. मध्यावर वळण आहे. तेथे एक दगडी जाळी आणि जाळीखाली कोनाडा. त्या कोनाड्यात पूर्वी तेलाची चिमणी जळत असे. तिच्या काजळीचा डाग अद्याप गेलेला नाही. पुढे वीज आली, छताला दिवा आला आणि कोनाडा रिकामा पडला.

आमची आजी पहाटे पाचला उठून तांब्या घेऊन गच्चीवर जात असे. तुळशीला पाणी घालावयाचे, किल्ल्याच्या तटावर उजाडताना पाहावयाचे आणि मग खाली येऊन चहा ठेवावयाचा, हा तिचा कित्येक वर्षांचा क्रम. आदल्या वर्षी आश्विनात एका पहाटे ती उतरत असताना वीज गेली. वळणावरच्या दोन पायऱ्या चुकल्या आणि आजीचे मनगट मोडले. मनगट दोन महिन्यांत सांधले, परंतु जिना तिने सोडला तो सोडलाच. तुळशीला आता मामी पाणी घालते. आजी तक्रार करीत नाही, फक्त रोज सकाळी विचारते, “पाणी घातलंस ना गं तुळशीला?” आम्ही सुटीत गेलो तेव्हा हा प्रश्न पहिल्याच सकाळी ऐकला, आणि तो काही केल्या कानातून जाईना.

मामाने बॅटरीचा दिवा आणून पाहिला होता. असल्या दिव्याला कोणी तरी आठवणीने वीज पाजावी लागते आणि आठवण नेमकी अंधार झाल्यावर होते. शिवाय ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात त्याची बॅटरी फुगून बसली. तेव्हा असा दिवा हवा की ज्याला माणसाच्या आठवणीची गरज नाही. जो आसपास वाया जाणारी थोडीशी शक्ती आपली आपण गोळा करील आणि हवी तेव्हा देईल.

साठवणीसाठी आम्ही सुपरकपॅसिटर घ्यावयाचे ठरविले. आपल्या शास्त्राच्या पुस्तकात ज्याला धारित्र म्हटले आहे, त्याचाच हा थोरला भाऊ. धारित्रांचे मूळ पुरुष ‘लायडनची बाटली’ हे १७४५–४६ चे. सच्छिद्र कोळशाच्या पट्ट्या वापरून फार मोठी धारणा मिळते, असे एकस्व अमेरिकेत १९५७ साली बेकर नावाच्या संशोधकाने मिळविले, आणि १९७८ पासून जपानच्या एनईसी कंपनीने हे कपॅसिटर बाजारात आणले. आता ते आपल्याकडेही होतात. केरळात कण्णूर येथे केल्ट्रॉनचे असे उत्पादन २०२४ साली सुरू झाले आहे. यातला कोळसा पुष्कळदा नारळाच्या करवंटीचा असतो, आणि त्याच्या एका ग्रॅमच्या सूक्ष्म छिद्रांची भिंत उलगडून पसरली तर हजार चौरस मीटरांहून अधिक जागा व्यापील. एवढ्या विस्तृत भिंतीला विद्युत्भार चिकटून बसतो. बॅटरीप्रमाणे आत रासायनिक उलथापालथ व्हावी लागत नाही, म्हणून तो लाखो वेळा भरता आणि रिकामा करता येतो. आम्ही १० फॅरडचे, प्रत्येकी २.७ व्होल्ट सोसणारे दोन नग घेतले. करंगळीच्या दोन पेरांएवढी ती वस्तू! आपली सबंध पृथ्वी हा अवकाशात टांगलेला धातूचा गोळा मानला तर त्याची धारणा फॅरडच्या हजाराव्या भागालाही पोचत नाही. आमच्या एका नगाची त्याच्या चौदा हजार पट आहे. हे गणित आम्ही तीन वेळा करून पाहिले, कारण पहिल्या दोन वेळा विश्वास बसला नाही.

बाड्याजवळच्या बाजारात आम्ही प्रथम चौकशी केली होती. दुकानदार म्हणाला, “कपॅसिटर तो है, यह सुपर क्या होता है?” मग ते दिल्लीहून टपालाने मागवावे लागले.

आता शक्ती कोठून आणावयाची? आमची पहिली कल्पना आम्हांला फारच सुंदर वाटली होती. काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांत वीज उत्पन्न होते, हे क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखविले. वाजणाऱ्या खेळण्यांत अशा गुणाची पितळी चकती असते. ती पायरीखाली बसविली की आजीचे पाऊलच दिवा लावील! एका जुन्या खेळण्यातून चकती काढली, तिला एक एलईडी जोडला आणि बोटाने टिचकी मारली. दिवा लुकलुकला. मीटरवर दहा व्होल्टांचा आकडा येऊन गेला. आम्ही धावत मामाकडे गेलो.

मामा रेडिओदुरुस्तीचा जुना हौशी. त्याने टिचकी मारून पाहिली, मान डोलावली आणि म्हटले, “व्होल्ट मोजलेत. कुलोम मोजलेत का?”

आम्ही वही घेऊन बसलो. चकतीची धारणा सुमारे २० नॅनोफॅरड. दहा व्होल्टांनी गुणले की एका पावलाचा भार निघतो, एका कुलोमच्या एक कोटी भागांपैकी अवघे दोन. आमचे दोन नग एकापुढे एक जोडले म्हणजे त्यांची धारणा निम्मी, ५ फॅरड होते. ती चार व्होल्टांपर्यंत भरावयाची तर २० कुलोम हवेत. म्हणजे दहा कोटी पावले. घरातल्या सर्वांची मिळून दिवसाकाठी हजार पावले जिन्यावर पडतात असे उदारपणे धरले तरी एक लाख दिवस, सुमारे पावणेतीनशे वर्षे. दौलतरावांनी तळ दिला त्या दिवसापासून आमचे कुटुंब अखंड जिना चढत-उतरत असते, तरी दिवा लागायला अद्याप पन्नास-साठ वर्षे बाकी राहिली असती. आणि यात डायोडांची दलाली धरलेलीच नव्हती. चकतीवर जो एलईडी लुकलुकला होता, तो एका क्षणाच्या एका अंशापुरता. आमच्या डोळ्यांना तेवढे पुरले होते. आजीच्या पायांना ते पुरले नसते.

चकती खेळण्यात परत बसविली आणि आम्ही सूर्याकडे वळलो. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात सूर्याची काय वाण! पोस्टकार्डाच्या निम्मी, पाच व्होल्टांची एक सौरपट्टी गच्चीच्या कठड्यावर बांधली. तेथे ती सव्वा तास टिकली. मग एक वानर आले, त्याने तारेसकट ती उपटली, वास घेतला आणि शेजारच्या गच्चीवर नेऊन दुसऱ्या वानराला दाखविली. पुढे काय झाले ते सांगण्यात अर्थ नाही. दुसरी पट्टी आणली ती जिन्याच्या दगडी जाळीत, आतल्या बाजूने बसविली. तेथे वानराचा हात पोचत नाही. परंतु ऊनही पोचत नाही. पोचतो तो समोरच्या चुनेगच्ची भिंतीवरून परतलेला उजेड. कठड्यावर शंभरच्या घरात मिलिअँपिअर देणारी पट्टी जाळीत भर दुपारी दोन मिलिअँपिअर देऊ लागली, आणि सकाळ-संध्याकाळ अर्धा. श्रीमंत घरातून एकदम गरीब घरात आल्यासारखे झाले.

त्याच आठवड्यात मामाने आम्हांला जयविलास राजवाडा दाखविला होता. तेथील भोजनगृहात मेजावरून धावणारी चांदीची विजेची आगगाडी आहे. ती पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार फिरवीत असे. एरवी आम्ही तिच्यापुढून हललो नसतो. पण त्या दिवशी आमच्या मनात एकच आले, की हिच्या एका फेरीच्या विजेत आमचा दिवा किती रात्री जळला असता?

जोडणी तशी सोपी होती. पट्टीपासून एक डायोड, म्हणजे दिवसा आत गेलेली वीज रात्री उलटी पट्टीत जाऊ नये. पुढे दोन कपॅसिटर. प्रत्येकावर एक रोधक, म्हणजे दोघांत व्होल्टेजची वाटणी समान व्हावी आणि एकावर २.७ हून जास्त ताण येऊ नये. शेवटी ३३० ओहमच्या रोधकातून पांढरा एलईडी. जिन्याच्या दोन्ही टोकांना दोन खटके, कोणत्याही एकाने दिवा लागावा वा मालवावा असे. ही जोडणी मामाने केली. डायोड आम्ही शॉट्की जातीचा निवडला. साधा सिलिकॉन डायोड वीज आत सोडताना अर्ध्या-पाऊण व्होल्टाची लाच घेतो, शॉट्की तिच्या निम्मीही घेत नाही. जेथे एक-एक मिलिअँपिअर मोजून मिळतो, तेथे हा शहाणपणाच वाटला.

सर्व जोडून मीटर लावला तर आकडा ०.००. पट्टी सोडवून पाहिली तर ती एकटी पावणेपाच व्होल्ट दाखवी; कपॅसिटरला जोडताच पुन्हा शून्य. मिनिट गेले, पाच मिनिटे गेली. एकाने म्हटले पट्टी खराब, दुसऱ्याने म्हटले कपॅसिटर आतून जळलेले. प्रकरण हातघाईवर येणार तोच मामा आला. “परवा किल्ल्यावर शून्य पाहून आलात ना?” तो म्हणाला. “मग त्याला इतके भिता कशाला?”

ते खरेच होते. किल्ल्याच्या चढावर एकाच खडकात कोरलेले चतुर्भुजाचे लहानसे मंदिर आहे. त्यातील ८७६ सालच्या लेखात देवाच्या बागेची मापे आणि रोजच्या फुलमाळांची संख्या दिली आहे, आणि त्यांतील २७० व ५० या आकड्यांत आपण आज काढतो तसेच वाटोळे शून्य आहे. बोटाच्या पेरात मावेल एवढे. भारतातील अतिप्राचीन कोरीव शून्यांत त्याची गणना होते. मामाचे म्हणणे असे की रिकामा सुपरकपॅसिटर म्हणजे फार रुंद तळाचा हौद. त्यात बारीक धार सोडली तर पाणी चढलेले दिसत नाही, म्हणून पाणी येतच नाही असे नव्हे. एक मिलिअँपिअरने ५ फॅरड भरावयाचे तर एक व्होल्ट चढायला पाच हजार सेकंद, जवळजवळ दीड तास लागणार. आम्ही मीटरपुढे बसून राहिलो. दहाव्या मिनिटाला ०.१२ दिसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला आकडा ४.६ होता. खटका दाबला, जिना पायरीपायरीने उजळला. आजी खालून पाहत होती. “उद्या बघू,” एवढेच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला वीज होती, पण मुद्दाम छताचा दिवा न लावता आजी जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. हातात तांब्या होता. आम्हांला तिने उठविले नव्हते. खटक्याच्या आवाजाने आम्ही जागे झालो. कोनाड्यात काजव्याइतका उजेड पडला. तिने खटका पुन्हा खाली-वर केला, क्षणभर थांबली, आणि तांब्या मामीच्या हाती देऊन माजघरात परत गेली. आम्हांला काहीही म्हणाली नाही. रागावली असती तर बरे वाटले असते.

मीटरवर २.९ होते. दहा तासांत १.७ व्होल्ट, म्हणजे साडेआठ कुलोम, कोठे तरी गेले होते. आणि दिवा तर एकदाही लागला नव्हता. चहाच्या वेळी आम्ही वहीत डोके घालून बसलो असता आजीने चष्म्यातून आकडे पाहिले. जन्मभर तिने घराचा जमाखर्च लिहिला आहे. “दिवसाची कमाई दिसते रे,” ती म्हणाली, “पण रात्री खर्च कोण करतं?”

त्या क्षणापर्यंत आम्ही सारे लक्ष मिळकतीकडे दिले होते. भरीत भर कशी घालावी, डायोडची लाच कशी वाचवावी, पट्टी किती अंशांनी कलती ठेवावी. रात्रीचा विचारच केला नव्हता. आता संशयित तीन उरले: दोन रोधक, डायोड आणि खुद्द कपॅसिटर. साडेआठ कुलोमांना दहा तासांच्या सेकंदांनी भागले तर सरासरी गळती पाव मिलिअँपिअरच्या जरा आत निघाली. मग रोधकांकडे पाहिले. मामाच्या डब्यात हाताशी लागले म्हणून दहा-दहा हजार ओहमचे बसविले होते. दोन्ही मिळून वीस हजार. चार व्होल्टांना त्यांतून पंचमांश मिलिअँपिअर अहोरात्र वाहणार. वाटणी न्याय्य व्हावी म्हणून नेमलेले हे दोन पंचच सगळा माल खात होते! त्यांना काढून दहा-दहा लाख ओहमचे बसविले. त्या रात्री आकडा ४.६ वरून ४.२ वर उतरला, खाली नाही.

येथे थांबता आले असते. मामा थांबाच म्हणत होता. पण ०.४ चा हिशेब लागेना आणि आजीचा प्रश्न अर्धाच सुटला होता. म्हणून तिसऱ्या रात्री आमच्या लाडक्या शॉट्की डायोडच्या जागी साधा सिलिकॉन डायोड लावला. त्याने अपेक्षेप्रमाणे आपली लाच घेतली. संध्याकाळी आकडा ४.३ च्या पुढे चढला नाही. पण पहाटे पाचला तो ४.२ होता! शॉट्की दिवसा हात मोकळा ठेवतो तसाच रात्रीही ठेवतो; त्याच्यातून उलटी गळती अधिक होते, आणि हवा तापली की ती आणखी वाढते. मध्यरात्रीही भिंती ऊन टाकीत असतात त्या ग्वाल्हेरला त्याचा हा दोष चांगलाच उघडा पडला. दोन्ही डायोडांची पहाट मात्र सारखीच, ४.२. मग निवडावा कोणता? आम्हां दोघांत यावर दोन दिवस वाद चालला.

निकाल आंधीने दिला. २७ मेला दुपारी पश्चिमेकडून धुळीचा लोट आला आणि दोन दिवस सूर्य मातकट राहिला. जाळीतली पट्टी त्या उजेडात कपॅसिटरपर्यंत पोचेल एवढा व्होल्टेजच देईना. बसविलेला होता साधा डायोड. तिसऱ्या पहाटे आकडा ३.९ निघाला. शॉट्की असता तर आमच्या हिशेबाने तो ३.५ च्याही खाली गेला असता. शॉट्की आम्ही सन्मानाने मामाच्या डब्यात ठेवला.

आंधीने गल्लीतली वीजही नेली होती. त्याच तिसऱ्या पहाटे आम्ही जागेच होतो, पण डोळे मिटून पडलो होतो. खटका वाजला. दाराच्या फटीतून पांढरा पट्टा जमिनीवर आला आणि पायऱ्या मोजाव्यात तशी आजीची पावले ऐकू येऊ लागली. वळणावर ती बराच वेळ थांबली. तेथे आम्हांला श्वास धरवेना. मग पुन्हा पावले, आठवी, नववी, आणि शेवटी गच्चीच्या दाराची कडी. वरचा खटका वाजून पट्टा नाहीसा झाला. तिला चढायला दोन मिनिटे लागली होती. चार मिलिअँपिअरच्या दराने तो खर्च अर्धा कुलोम, आणि आमच्याजवळ अजून पाच होते. मामी सकाळी तुळशीजवळ गेली तर माती ओली होती.

जून लागताच आम्ही परत आलो. दर रविवारी मामा आमच्या फोनवर एकच आकडा पाठवितो, पहाटेचा. पावसाळ्यात तो ४.० च्या आसपास राहिला. दिवाळीनंतर उतरू लागला, कारण समोरच्या भिंतीवरचे ऊन खाली सरकले. आणि पौषात ग्वाल्हेरला दाट धुके पडते, दहा-दहा वाजेपर्यंत सूर्य दिसत नाही, याचा आम्ही उन्हाळ्यात बसून विचारच केला नव्हता. ३.८, ३.६. जाळीला आणखी एक भोक मोकळे आहे. त्यात बसेल अशी दुसरी पट्टी आम्ही खाऊच्या पैशांतून घेतली आहे. तिच्यासाठी वेगळा डायोड, साधाच, टाचून ठेवला आहे. गेल्या रविवारी मामाने लिहिले: “३.४. उजेड कमी पडतो, पण जाते. विचारते आहे, मुलांची परीक्षा कधी संपते?”